हत्तीची जखम बाहेरून आधी मिटते

हत्तीची जखम बाहेरून आधी मिटते. कुठल्याही जुन्या माहुताला विचारा, तो हे सांगेल. आत पू तसाच, वर कातडी जुळून आलेली, बघणाऱ्याला वाटतं चला बरं झालं, आणि काही आठवड्यांनी त्याच जागी टणक गाठ, मग गळू, मग ते फुटून बारीकशा भोकातून पू वाहायला लागतो आणि महिनोनमहिने वाहतच राहतो. म्हणून हत्तीवर उपचार करणारे डॉक्टर खोल जखम लवकर मिटूच देत नाहीत. मुद्दाम उघडी ठेवतात, रोज पाण्याचा फवारा मारून धुतात, पातळ केलेलं पोविडोन आयोडीन आत सोडतात, आणि तळापासून लाल मांस वर भरत आलं की मगच कडा जवळ येऊ देतात. टाके घालता येतात, पण एवढ्या जाड आणि ताणलेल्या कातडीत ते टिकणं अवघड, हत्ती भिंतीला अंग घासतो, सोंडेनं चाचपतो, की गेले टाके.

कातडी म्हणजे किती जाड, तर पाठीवर वगैरे अडीच सेंटीमीटरच्या आसपास, आणि त्याच प्राण्याच्या कानाच्या आतल्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे हत्तीची जखम असं सरसकट बोलण्यात तसा अर्थ नाही, कानाला काटा लागला तर ती वेगळी गोष्ट आणि तळव्यात खिळा गेला तर ती फारच वेगळी, कारण तसल्या चार तळव्यांवर मिळून तीन टन वजन उभं आहे आणि हत्ती काही आपल्यासारखा पाय उशीवर ठेवून पडून राहत नाही.

थायलंडमधली मोताला हत्तीण तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९९९ मध्ये म्यानमारच्या सीमेवर भूसुरुंगावर तिचा पुढचा डावा पाय पडला. लांपांगला हत्तींसाठी खास दवाखाना आहे, सोराइदा सल्वाला यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला, तिथं तिला आणलं. कायमचा कृत्रिम पाय बसला तो २००९ मध्ये. आता ही दहा वर्षं निव्वळ जखम भरायला लागली असं नाही, पायाचा उरलेला भाग वजन पेलण्याइतका तयार व्हावा लागतो, मधे कॅनव्हासचा तात्पुरता बूट होता, बरंच काही झालं. तिथंच मोशा नावाचं पिल्लू आलं, २००६ मध्ये, सात महिन्यांचं असताना तेही सुरुंगावर गेलं, आणि वाढत्या वयात दर थोड्या काळानं नवा पाय करावा लागला. एवढी मोठी जखम घेऊन जनावर जगतं ही एक बाजू. आणि साखळीनं पायाला पडलेला छोटासा घट्टा वर्षभर चिघळत राहतो ही दुसरी. या दोन्हींच्या मधे नेमकं काय चालतं हा आजचा विषय, आणि त्यासाठी जीन एक्स्प्रेशन जरा समजून घ्यावं लागेल.

ज्यांनी बायोलॉजी दहावीनंतर सोडली त्यांच्यासाठी पटकन सांगते. शरीरातल्या जवळपास प्रत्येक सेलमध्ये सगळा डीएनए तोच असतो, कातडीच्या सेलमध्येही आणि लिव्हरच्या सेलमध्येही. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात पंचांग एकच असतं पण कुणी त्यात एकादशी बघतं, कुणी लग्नाचा मुहूर्त, कुणी नुसतं ग्रहण, तसं प्रत्येक सेल आपल्या कामापुरती पानं उघडतो. पान उघडलं की त्याची नक्कल निघते, ती आरएनए, आणि नकलेवरून प्रोटीन बनतं. कुठल्या जीनच्या किती नकला कधी निघतात ते म्हणजे एक्स्प्रेशन. बस. आता यात एक मेख आहे, नक्कल निघाली म्हणजे प्रोटीन टिकलंच असं नाही, काही प्रोटीन बनल्या बनल्या तोडली जातात. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

कातडी फाटल्यावर काय होतं? पहिल्या काही तासांत इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी आरडाओरडा करणारी जीन जोरात चालू होतात, त्यांच्या हाकेनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. जखमेच्या कडेचे कातडीचे सेल केराटिन ६, १६, १७ ही प्रोटीन बनवायला लागतात, एरवी अंगावरच्या साध्या कातडीत ही फारशी नसतात, आणि ते सेल जागा सोडून सरकायला लागतात. मग मॅक्रोफेज येतात, झाडलोट होते, टीजीएफ-बीटा हा वाढीचा सिग्नल वाढतो, फायब्रोब्लास्ट नावाचे सेल विभागून विभागून गर्दी करतात आणि कोलॅजन टाकतात, आधी तिसऱ्या प्रकारचं घाईघाईचं, नंतर पहिल्या प्रकारचं मजबूत. शेवटी कोलॅजन तोडणारी एन्झाइम आणि नवं कोलॅजन यांची महिनोनमहिने रस्सीखेच चालते आणि व्रण तयार होतो. हा क्रम उंदरात, डुकरात, माणसात सारखाच. हत्तीतही ढोबळमानानं असाच असणार, सस्तन प्राणीच आहे तो. फरक पडतो तो कधी चालू झालं आणि कधी बंद झालं यात.

याचं एक छान उदाहरण माणसातलंच आहे. जीभ चावली तर दोन-चार दिवसांत विसरून जातो आपण, आणि हाताला तेवढंच खरचटलं तर आठवडाभर खपली. २०१८ मध्ये काही संशोधकांनी एकाच माणसाच्या तोंडात आणि दंडावर सारखी छोटी जखम करून एक्स्प्रेशन मोजलं. तोंडातल्या कातडीत जखम भरायची बरीचशी जीन जखम व्हायच्या आधीपासूनच चालू असलेली सापडली. माणूस तोच, डीएनए तोच, फक्त तोंडातली कातडी कायम तयारीत बसलेली.

आता हत्तीकडे येऊ. हत्ती आणि जीन म्हटलं की लोक लगेच कॅन्सरचं बोलतात. बरोबरच आहे. रिचर्ड पेटो या ब्रिटिश संशोधकानं १९७० च्या दशकात एक कोडं मांडलं, की मोठ्या प्राण्यात सेल कितीतरी जास्त, विभागणी जास्त, मग कॅन्सरही त्या प्रमाणात जास्त हवा, तो दिसत का नाही? २०१५ मध्ये युटाच्या जोशुआ शिफमन यांच्या गटानं हत्तीच्या जीनोममध्ये टीपी५३ या कॅन्सरला अडवणाऱ्या जीनच्या २० प्रती असल्याचं दाखवलं, आपल्यात एक असते, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी एकच जोडी. पुढच्याच वर्षी शिकागोच्या व्हिन्सेंट लिंच यांच्या गटाचाही पेपर आला. या २० पैकी एक मूळ जीन, आणि बाकीच्या १९ म्हणजे आरएनएच्या नकला उलट्या डीएनएमध्ये जाऊन चिकटलेल्या, त्यातल्या कित्येक अर्धवट, तुटक्या. शिफमन यांनी रक्त कुठून आणलं माहितीये, प्राणिसंग्रहालयातून आणि सर्कशीतल्या हत्तींकडून. त्या रक्तातल्या सेलवर रेडिएशन मारलं. मोजलेल्यापैकी हत्तीचे साधारण १४.६ टक्के सेल मेले, निरोगी माणसाचे ७.२ टक्के, आणि ज्यांच्यात त्या जोडीतलं एक टीपी५३ जन्मतः बिघडलेलं असतं अशा ली-फ्रॉमेनी सिंड्रोमच्या लोकांचे २.७ टक्के. म्हणजे हत्तीचा सेल बिघडलेला डीएनए दुरुस्त करत बसण्यापेक्षा सरळ मरून जातो.

इथे थोडं थांबते, कारण वर्तमानपत्रांत याची बातमी 'हत्तीला कॅन्सर होत नाही' अशी छापून आली होती आणि ते साफ चूक आहे. होतो. कमी होतो. त्या २०१५ च्या अभ्यासात हत्तींच्या मृत्यूंपैकी ५ टक्क्यांच्या आत कॅन्सरमुळे, माणसात ११ ते २५ टक्के. आणि प्राणिसंग्रहालयातल्या आशियाई हत्तिणींना गर्भाशयात गाठी होणं तर अगदी नेहमीचं, त्या बहुतेक साध्या असतात ही गोष्ट वेगळी.

तर टीपी५३ पासून बनणारं प्रोटीन, पी५३, त्याचं काम म्हणजे सेलला विभागू न देणं किंवा फारच बिघाड असेल तर मारून टाकणं. आणि जखम भरायला काय लागतं? सेलनी भराभर विभागणं. आलं ना लक्षात? जे कॅन्सरला अडवतं तेच जखमेच्याही आड येऊ शकतं. हा नुसता तर्क नाही, १९९४ मध्ये डुकराच्या कातडीवर काम झालंय, जखम झाल्या झाल्या तिथलं पी५३ खाली जातं, वाढीचे सिग्नल वर जातात, आणि भरत आली की पी५३ परत वर येतं. म्हणजे शरीर स्वतःच ब्रेक सैल करतं, काम झालं की परत आवळतं.

आणि समजा ब्रेक सैल झालाच नाही तर? याचं उत्तर २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या लॅबनी उंदरांवर दिलं, आणि माझ्या मते हत्तीच्या कुठल्याही पेपरपेक्षा हे दोन पेपर आजच्या विषयाला जास्त कामाचे आहेत. अमेरिकेत लॅरी डोनहॉवर यांच्या गटाच्या उंदरांत पी५३ सतत जास्तच चालू राहील असा बदल होता. कॅन्सर कमी झाला, पण उंदीर लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ झाली, आणि वय वाढल्यावर कातडीवर छोटी जखम केली तर ती भरायला साध्या उंदरापेक्षा जास्त वेळ लागायला लागला. तिकडे स्पेनमध्ये मॅन्युएल सेरानो यांच्या गटानं उंदराला टीपी५३ ची एक पूर्ण जास्तीची प्रत दिली, पण तिच्या आजूबाजूचं सगळं नियंत्रण जसंच्या तसं ठेवून. हे उंदीरही कॅन्सरला कमी बळी पडले, आणि म्हातारपण मात्र नेहमीच्या वेळेलाच आलं. म्हणजे प्रती किती यावर सगळं अडलेलं नाही, एरवी ते प्रोटीन गप्प बसतं की नाही हे बघायला हवं.

गप्प कोण बसवतं, तर एमडीएम२ नावाचं दुसरं प्रोटीन. ते पी५३ ला पकडून तोडायला पाठवतं, साध्या सेलमध्ये पी५३ बनतं आणि काही मिनिटांत संपतंही. मघाशी म्हटलं ना नक्कल निघाली म्हणजे प्रोटीन टिकलं असं नाही, ते हेच. गंमत म्हणजे एमडीएम२ चं जीन चालू करणाऱ्यांत पी५३ स्वतःच असतं, आपलं ब्रेक आपणच तयार करतं. २०२२ मध्ये हत्तीच्या या वेगवेगळ्या पी५३ प्रतींचे आकार कॉम्प्युटरवर आणि लॅबमध्ये तपासले गेले, तर काही प्रतींना एमडीएम२ नीट पकडूच शकत नाही असं दिसलं. म्हणजे नुकसान झालं की हत्तीच्या सेलमध्ये उत्तर एका सुरात येत नाही, वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या वेळी आणि जोरानं जाग्या होत असणार.

त्यात अजून एक आहे, लिफ-६. हे जीन हत्तीच्या पूर्वजांत निकामी होऊन पडलं होतं आणि पुढे उत्क्रांतीत परत कामाला लागलं, म्हणून २०१८ मध्ये त्याला झोंबी जीन म्हणाले. पी५३ नं हाक मारली की लिफ-६ चं प्रोटीन सेलला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाकडे जाऊन त्याला भोकं पाडतं, सेल खलास. हे लिंच यांच्याच गटाचं काम.

आता मी जे बोलणार तो माझा तर्क आहे, त्याला तर्क म्हणूनच घ्या. तळव्यातली जखम, चिरडलेली, चिखल गेलेली, जंतू वाढलेले, पांढऱ्या पेशी येऊन ब्लीचसारखी रसायनं सोडतायत, अशा ठिकाणी आजूबाजूच्या चांगल्या सेलच्या डीएनएलाही मार बसतो. माणसाचा सेल तिथं दुरुस्ती करून पुढे गेला असता. हत्तीचा कदाचित मरेल. असे सेल मरत राहिले तर आतला खड्डा भरायला उशीर होणार, आणि वरचा थर जिथं जंतू कमी, हवा मोकळी, तिथं कडा सरकून मिटून जाणार. माहूत सांगतो ते याच्याशी जुळतं. पण लगेच याच्या उलटही एक गोष्ट आहे, २०१० मध्ये उंदरात दिसलंय की मरणारे सेल मरता मरता प्रोस्टाग्लँडिनचा सिग्नल सोडतात आणि शेजारच्या सेलना वाढायला लावतात, ज्या उंदरांत नीटनेटकं मरायला लागणारी एन्झाइम काढून टाकली त्यांच्या जखमा उलट उशिरा भरल्या. तेव्हा सेल जास्त मरतात म्हणजे जखम नक्की हळू भरणार असं सरळ गणित मांडू नका. मरण कधी आणि किती, यावर आहे.

आणि खरं सांगायचं तर या सगळ्याआधी साधी यांत्रिक कारणं बघायला हवीत, मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांना ती बघायची सवय नसते. आफ्रिकन हत्तीच्या अंगावरच्या भेगांवर जिनिव्हाच्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटानं २०१८ मध्ये काम केलं. वरचा मेलेला थर आपल्यासारखा सुटा होऊन गळून पडत नाही, साचत जातो, खालच्या बारीक बारीक उंचवट्यांवर वाकतो आणि तडकतो. त्या भेगांत सपाट कातडीच्या पाच ते दहापट पाणी आणि चिखल धरला जातो, आणि घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसलेल्या प्राण्याला थंड राहायला तेवढं लागतंच. माणसात इक्थिओसिस व्हल्गॅरिस नावाचा आजार आहे, त्यात कातडी खवल्यांसारखी होते, ती आणि हत्तीची तब्येतीतली कातडी दिसायला मिळतीजुळती. तर असा न गळणारा जाड थर जखमेच्या कडेवर असेल तर तो झाकणासारखा बसतो आणि पू आत कोंडतो, त्याला टीपी५३ लागत नाही. म्हणूनच डॉक्टर आणि माहूत कडेची मेलेली कातडी सुरीनं सतत कापून काढत असतात, नखांचं आणि तळव्याचं तर कायमच. प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींना दयामरण द्यावं लागतं त्याच्या मोठ्या कारणांत पायाचे आणि सांध्यांचे आजार आहेत.

आपल्याकडे सांगायचं तर गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे. तिथं थंडीत, साधारण जानेवारीच्या सुमारास, हत्तींना सुट्टी देऊन पायांना चोपिंग करतात, म्हणजे वनस्पती उकळून केलेला गरम लेप तळव्यांना लावतात, भेगा पडू नयेत म्हणून. माहूत आणि चाराकटर मिळून करतात. यातल्या कुठल्या झाडपाल्यानं कुठलं जीन हलतं हे विचारण्यात आत्ता अर्थ नाही, पण वर्षातून काही दिवस प्रत्येक पाय हातात घेऊन बघितला जातो हे मला लेपापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. नांदणीच्या महादेवी हत्तिणीवरून २०२५ मध्ये केवढा गदारोळ झाला, त्या वादात मी पडत नाही, पण पायाची दुखणी, नखं, सांधे हे शब्द तेव्हा घराघरात बोलले गेले एवढं मात्र झालं. आणि हे आपल्याकडे नवीन नाही, पालकाप्य मुनींच्या नावानं असलेल्या हस्त्यायुर्वेदात शल्यस्थान म्हणून एक अख्खा भाग आहे, आणि तो ग्रंथ आपल्या पुण्यातल्या आनंदाश्रमानं १८९४ मध्ये छापलेला आहे.

एकांची चिठ्ठी आलीये, की पी५३ चा एवढा त्रास असेल तर त्याला बंद करून जखम लवकर भरता येईल का. लॅबमध्ये ते बंद करावं लागतंच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोसल कंपनीनं आशियाई हत्तीच्या सेलपासून स्टेम सेल, म्हणजे पुढे कुठलंही रूप घेऊ शकणारे सेल, बनवल्याचं जाहीर केलं, त्यात या पी५३ च्या वाटेला आवर घालणं हाच मोठा भाग होता, नाहीतर ते सेल रूप बदलायलाच तयार होईनात. पण ते डिशमधले सेल. जिवंत जनावराच्या जखमेत काही दिवसांसाठी पी५३ दाबायचं म्हणजे नेमकं जंतू, सूज आणि डीएनएचं नुकसान जास्त असलेल्या जागी ब्रेक काढायचा, मी तरी हे करायला धजणार नाही. ऑक्सफर्डचे फ्रिट्झ व्होलराथ तर असंही म्हणतात की एवढ्या प्रती कॅन्सरसाठी आल्याच नसतील, हत्तीची वृषणं पोटातच राहतात, तिथल्या उष्णतेत शुक्राणूंचा डीएनए सांभाळायला त्या आल्या असतील. पटो न पटो, पण एक जीन एकाच कामासाठी असतं ही समजूत मोडायला बरं आहे.

दुसरी चिठ्ठी, हत्तीत हे मोजायचं कसं. अवघड आहे. आरएनए फार नाजूक, जखमेतून तुकडा काढला की लगेच त्याला टिकवणाऱ्या द्रावात टाकावं लागतं, जंगलात तेवढ्यातच निम्मा खेळ संपतो. प्रोटीन ओळखायला वापरतात ती माणसासाठी बनवलेली अँटिबॉडी हत्तीच्या प्रोटीनला चिकटेलच याची खात्री नाही. रक्ताच्या स्लाइडवर नवीन टेक्निशियन हमखास गोंधळतो, कारण हत्तीच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीचं केंद्रक बहुतेकदा दोन पाळ्यांचं असतं, आणि ते भलत्याच पेशीत मोजले जातात. सोपं म्हणाल तर रक्तातलं सीरम अमायलॉइड ए, ते सूज-इन्फेक्शन असेल तर वाढतं, जखम वरून मिटली आणि हे अजून चढलेलं आहे म्हणजे आत काहीतरी शिल्लक आहे. अभ्यासासाठी म्हणून हत्तीला नवीन जखम करणं मला मान्य नाही, आणि गरजही नाही. रोज ड्रेसिंग करताना कडेची मेलेली कातडी कापतातच, तिच्या लगतचा तांदळाच्या दाण्याएवढा जिवंत तुकडा त्याच वेळी घेतला, पहिल्या आठवड्यात, तिसऱ्यात, दहाव्यात, सोबत फोटो आणि खोलीचं माप, तर कुठल्या जखमेत केराटिन १६ अजून ओरडतंय, कुठल्यात कोलॅजन सुरूच झालं नाही, हे हळूहळू दिसायला लागेल. त्यासाठी कॅम्पवर एक छोटा फ्रीझर आणि नोंदी ठेवणारा एक माणूस लागेल, आणि तो माणूस माहुताशी नीट बोलणारा हवा.